अक्काची उरलेली किडनी

नांदेड, २१ जुलै २०२५

ती. अक्कास श्रीशैलचा सा. न. वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि मी बरं हाय म्हणून सुटतो, म्हणून हे पत्र. तू दिलेली किडनी माझं शरीर आता परकी समजायला लागलंय. रक्तात तिच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्यात आणि गोळ्यांना त्या दाद देत नाहीत. हैदराबादला एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. तेही अँटीबॉडीच, पण या उपद्रवी अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींनाच मारणारं. मी नाव दिलंय. घोर एकच, निम्म्या लोकांना औषध देतात आणि निम्म्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

लहानपणी तुला माझ्याशेजारी बसायचं नसायचं, तुझी किडनीही तशीच निघाली! दाजींना नमस्कार.

तुझा श्रीशैल

रेणापूर, २९ जुलै

चि. श्रीशैल यास अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. एका आईची लेकरं आपण, मग माझी किडनी तुला परकी कशी? सलाईनवाल्यांत तुझं नाव गेलं तर काय करायचं? डॉक्टरला हात जोडून सांग, बहिणीनं दिलेली हाय म्हणावं.

मी इथून माझ्या परीनं करते आहे. काय ते विचारू नकोस, सांगितलं की फळ जातं. तू पाणी भरपूर पी, ठेचा खाऊ नकोस.

तुझी अक्का, शिवकांता

रेणापूर, १४ ऑगस्ट

श्रीशैलराव यांस शिवशंकरचा नमस्कार.

घाबरू नका, पण लपवून ठेवणं जमेना. तुमची अक्का सोयाबीन खुरपताना चक्कर येऊन पडली. लातूरला नेलं. तिचं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे उरलेल्या किडनीवर ताण आलाय. श्रावण लागल्यापासून ती तुमच्यासाठी निर्जळी करते, रात्री महादेवापुढं दिवा लावल्यावरच पाणी. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, एका किडनीवरच्या बाईला उपाशी-तहानलेली ठेवता का म्हणून. सलाईन लावलं, घरी आणलं, तरी ती ऐकत न्हाई. तुमचंच ऐकेल.

आपला दाजी, शिवशंकर

नांदेड, १८ ऑगस्ट

ती. अक्कास,

आज नमस्कार नाही, राग आहे. तुझी एक किडनी माझ्या पोटात मरायला टेकली आहे, दुसरी तू स्वतः मारतेस? मला डायलिसिसवर जगता येईल. तू मशीनला लागलीस तर मला जगता येणार नाही. पुढच्या सोमवारी माझं चाचणीचं इंजेक्शन आहे. तू पाणी प्यायल्याचं तुझ्या अक्षरात आलं तरच हैदराबादची गाडी धरीन, नाहीतर नाही.

श्रीशैल

रेणापूर, २० ऑगस्ट

चि. श्रीशैल यास आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा टळटळीत दुपार होती. तुझ्या दाजींनी तांब्या पुढं केला. वाटलं, मी घोट घेतला आणि तिकडं तुला काही झालं तर? उद्या तुझा रिपोर्ट वाईट आला, तर माझ्या पाण्यानंच आला असं मला जन्मभर वाटत राहणार. कुणी कितीही समजावलं तरी वाटणार.

तरी प्याले रे. अख्खा तांब्या प्याले. आता गाडी धर.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी अक्का