बाहेरचं बाकडं

अण्णा, आज सकाळी मोंढ्यातल्या त्या हॉटेलात जाऊन आले. आपण जायचो त्याच. बाहेरचं लाकडी बाकडं आता नाही, तिथं लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. भज्यांची कढई मात्र रस्त्याच्या तोंडाशी, होती तिथंच.

तुम्ही मोंढ्यात माल तोलणारे मापाडी होतात. हळदीचा सौदा सुरू व्हायच्या आधी मला तिथं न्यायचात. मी बाकड्यावर बसलेय, पाय जमिनीला टेकत नाहीत, समोर पोत्यांच्या थप्प्या आणि हळद निवडणाऱ्या बाया त्यांच्यावर बसून चहात खारी बुडवून खातायत. तुमच्या बोटांची हळद धुऊनही जायची नाही. माझ्या ताटलीतली मिरची उचलून घेतलीत की काठाला पिवळा ठसा राहायचा. भजं फुंकून द्यायला तुम्ही हात पुढं करायचात आणि मी देत नसे. मला ते पोळतं तसंच खायचं असायचं.

सातवीत असताना एका सकाळी मी नेहमीसारखी बाकड्यावर टेकले, तर तुम्ही आतल्या पडद्याकडं बोट दाखवलंत. पडद्यामागे बायकांसाठी केलेली खोली होती. "आता आतमधी बसत जाय," म्हणालात, "लोकं बघून राहिले." त्या बाया बसल्यात की, असं मी म्हटलं. तुम्ही आवाजही चढवला नाहीत. "त्यांचं वेगळं असतंय, बाई." आत एक टेबल आणि समोर भिंत. तुम्ही बाहेरच बसलात. थोड्या वेळानं पडद्याच्या फटीतून तुमचा पिवळा हात आला, त्यात जिलेबी होती. मी ती खाल्ली. पुढं तुम्ही निघालात की मी आईला सांगायचे, भूक नाही. काहून, असं तुम्ही कधी विचारलं नाहीत.

मला दिलंत तेही याच गावात, मोंढ्यामागच्या गल्लीत. नाश्ता कुठं चांगला, हे मला विचारावं. भिजवून फोडणीला टाकलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला बसस्टँडसमोरचा, कारण तिथला माणूस मुरमुरे नीट पिळतो, पुडीत लगदा होत नाही. पुरी-भाजी जुन्या दवाखान्याजवळची, भाजीत बडीशेप असते. मारुतीच्या देवळामागचे पोहे, तर्री वेगळ्या पिशवीत गाठ मारून देतात. हे सगळं मी पुड्यांवरून सांगते. कधी आमचे हे आणतात, कधी मुलगा आणतो. घरी येईपर्यंत पुरी चिवट होते, भजं मऊ पडतं, आणि सासऱ्यांना दुधात कुस्करलेली भाकरी भरवून माझी पाळी येईतो सगळंच गार झालेलं असतं. एकदा यांना म्हटलं, आपणच जाऊन बसून खाऊ या का? ते हसले. "घरी बसल्या मिळून राहिलं, तर तुला काय तकलीफ आहे?" प्रेमानंच म्हणाले.

आज लेकीला नांदेडच्या गाडीत बसवलं आणि परतताना पाय तिकडं वळले. गल्ल्यावर मालकाचा मुलगा होता, त्यालाही आता टक्कल पडलंय. पडदा काढलाय, अण्णा. भिंत पाडून सगळं एकच केलंय. माझ्या लेकीच्या वयाची एक पोरगी एकटीच बसून मोबाइल बघत पोहे खात होती. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. कढईतून भजे निघत होते. मी एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात गल्ल्यावरून त्यानं विचारलं, "काय बांधू, काकू?"

मी बसणार होते. पण तोंडातून आलं, "भजे. पार्सल."

हे सगळं तुमच्यावर टाकावं म्हणून लिहायला बसले. पण आज तिथं तुम्ही नव्हतात, हेही नव्हते. आत बस म्हणायला कुणीच नव्हतं. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून पुढचंही सांगते. गल्लीच्या वळणावर, बंद गोदामाच्या आडोशाला थांबून मी पुडी सोडली आणि एक भजं न फुंकता तोंडात टाकलं. जीभ चांगलीच पोळली. मग घरी येऊन सगळ्यांना वाढलं, सासऱ्यांना भरवलं. तू काहून खाईना, असं यांनी विचारलं.

म्हटलं, भूक नाही.