वळणापलीकडचा आवाज

१० फेब्रुवारी १९७४
चांगुणा, लिहायला उशीर झाला, बापावर रागावू नकोस. आता रोजचं वहीत लिहून एकदम पाठवीन. तुझ्या नवऱ्यानं, ईश्वरनं, मला कालव्याच्या बोगद्यावर राखणदार केलं. खोली चांगली आहे. ट्रान्झिस्टर आत नेला तर वळणावर मुका होतो. ईश्वर म्हणाला, "मामा, गाणारी बाई लाजती, अंधारात येत न्हाय." मग त्यानं नीट सांगितलं. खडक रेडिओच्या लहरी गिळतो. वळणापलीकडे बाहेरचं आत जात नाही, आतलं बाहेर येत नाही.

१८ फेब्रुवारी
नव्या साहेबानं बोलायचे वायरलेस सेट आणले. रात्रभर ते चार्जिंगला लावणं माझं काम. सुरुंगाआधी मुकादम श्रीमंत आतल्या रुळावर हातोडा ठोकत, कुणी राहिलंय का बघत शेवटपर्यंत फिरून यायचा. ते बंद केलं. सेटवर विचारायचं, उत्तर नाही म्हणजे आत कुणी नाही. वळणापलीकडचं ऐकू येत नाही, असं मी सांगितलं. साहेबानं माझी इयत्ता विचारली. सगळे हसले. रागानं जेवण गेलं नाही.

२३ फेब्रुवारी
दुपारी साहेबानं विचारलं. उत्तर नाही. सुरुंग उडवला, वळण ढासळलं. ईश्वर पहार आणायला आत गेला होता. सेट त्याच्याकडेच. साहेब म्हणतो, तो काम सोडून सांगोल्याला घरी पळाला. श्रीमंत खाली बघतो. ढिगारा उपसायला कुणी हात लावत नाही. या माणसांच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.

२५ फेब्रुवारी
दुसरा सेट घेऊन ढिगाऱ्यापाशी गेलो. ईश्वरचाच आवाज. "मामा, समदी बाहेर आली का?" धावत साहेबाला आणलं. तो तोंडाशीच थांबला. तिथं ऐकू येणारच नाही. आत चल म्हटलं, तर मला वेडा म्हणाला.

२७ फेब्रुवारी
सेटची बॅटरी एक दिवस टिकते. मीच भरतो, मला माहीत आहे. मग हा अजून कसा बोलतो. पाणी मागत नाही. दुखतंय म्हणत नाही. फक्त "या" म्हणतो—

२८ फेब्रुवारी
माझ्या सेटची बॅटरी काढून ठेवली. तरी बोलला. ढिगाऱ्यात माणूस जाईल एवढी फट पडलीय. कुणी उपसली— दगड आतून ढकललेत—

१ मार्च
चांगुणे, ईश्वर घरी आलाय का. वही आजच टपालात टाकतोय. आला असेल तर लगेच कळव, तार कर. तो तिथं असेल तर हे कोण— आज मामा म्हणत नाही. माझ्या नावानं हाक मारतो. सेट खोलीत आहे, मी बाहेर बसलोय, उन्हात, तरी— लवकर कळव पोरी, तो आता वळणाच्या अलीकडे—