भाजणीचा डबा

मंगळवार, संध्याकाळ. कोथरूड.

डोकं फिरलंय नुसतं. आमच्या सोसायटीखालच्या गिरणीवाल्या काकांनी आज पाटी लावली, 'महिनाअखेर गिरणी बंद. आपापले डबे घेऊन जावेत.' झालं, ग्रुपवर सगळ्यांना रडू कोसळलं! वरच्या नीलाताई म्हणे, 'आपलं बालपण संपलं.' या बाईला गेल्या तीन वर्षांत गिरणीच्या पायरीवर कुणी पाहिलंय? आयत्या पिठाची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये भेटते मला. ढोंगी मेले सगळे! तसं लिहिलंच मी ग्रुपवर. नाव न घेता, पण लिहिलं.

आणि तशीच तणतणत खाली गेले. "अहो काका, असं कसं बंद करता? सह्या गोळा करू आपण."

काका पट्टा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "सह्या काय करायच्यात? दळण टाकायचं होतं."

"तेच तर! लाज नाही या लोकांना."

तेव्हा काकूंनी फळीवरून एक डबा काढला, धूळ पुसली आणि माझ्यापुढे ठेवला. चिठ्ठीवर अक्षर माझंच. 'चकलीची भाजणी. बारीक दळा.'

"दिवाळीची आहे. इथं उघडू नका, अळ्या झाल्यात," काकू म्हणाल्या. "दुसऱ्याचं दळण आम्ही फेकत नाही."

दिवाळीला चकल्या विकतच्या आणल्या होत्या. मग पीठही. मग...

डबा ओट्यावर आहे. उघडलेला नाही. ग्रुपवरच्या माझ्या मेसेजला सगळ्यांनी अंगठे दिलेत. पहिला नीलाताईंचा.