डास आणि माझा पायगुण

२ ऑक्टोबर, सकाळ
माझी मुलगी दिएप पंचवीस तारखेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉफीचं दुकान उघडतेय. बँकेतली चांगली नोकरी सोडून. असो, पोरगी माझी आहे. आता तिच्या दुकानाची भवानी कोण करणार, हा प्रश्नच नाही. हनोईत पहिल्या गिऱ्हाइकावर दिवस ठरतो आणि उद्घाटनाच्या पहिल्या गिऱ्हाइकावर अख्खं वर्ष. बापाखेरीज कोण? तिने अजून विचारलं नाही. संकोच वाटत असेल.

३ ऑक्टोबर, ६.१०
संकल्प: रोज एका टपरीची भवानी करायची. सराव हवा.
आज बिकबाईंची फोची, म्हणजे रश्शातल्या शेवयांची, गाडी. रस्सा बरा, दालचिनी जास्त. तसं सांगितलं. तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, चूक दिसली की बोट जातंच. वाडगा अर्धा टाकून उठलो. वळून पाहिलं तर बाई गाडीपाशी वर्तमानपत्र पेटवून धूर करत होत्या. डास! डेंगूची एवढी काळजी घेणारं माणूस विरळा.

५ ऑक्टोबर
तांदळाच्या वाफवलेल्या घावनांची टपरी. घावन फाटकं. घेतलं नाही, फक्त का फाटतं ते समजावून सांगितलं. वीतभर उंचीचं प्लास्टिकचं स्टूल. गुडघा अजून ठणकतोय. निघालो तसा टपरीवालीनेही कागद पेटवला. हिच्याकडेही डास.

९ ऑक्टोबर, ६.००
अंड्याची कॉफी. वरचा बलकाचा फेस बसलेला. मालक म्हणाला, "साहेब, तुम्ही दहानंतर येत जा. तेव्हा फेस मस्त असतो." सल्ला चांगला आहे, पण दहाला गेलो तर भवानी कशी होणार? मूर्ख. धूर इथेही. महापालिका झोपा काढतेय.

१४ ऑक्टोबर
बायको बाजारातून तणतणत आली. म्हणे हिला बघून बायका कुजबुजतात, 'त्या पायगुणवाल्याची बायको.' "अहो, एक तर तोंडाला कुलूप घाला, नाहीतर पायाला!" नवऱ्याचं नाव होतंय हे हिला बघवत नाही.

१९ ऑक्टोबर, ६.०५
मला पाहताच बिकबाईंनी पातेल्यावर झाकण टाकलं. "काका, संपलं." सकाळी सहाला? आत उकळत होतं, वाफ दिसत होती. बोट दाखवलं. "ते उद्याचं आहे." संतापलो. उद्यापासून तिच्याकडे पाऊल ठेवणार नाही. (शनिवारी बघू.)

२१ ऑक्टोबर
दिएपने भवानीला क्वीला बोलावलंय! शेजारचा क्वी, टायरवाला. दिवसभर खिदळतो, समोर ठेवाल ते गिळतो आणि वर "वा वा" म्हणतो. त्याला कॉफीतलं काय कळतंय? मला म्हणाली, "बाबा, तुम्ही आरामात नऊला या ना." मी कारण विचारलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही उठून गेलात की लोक कागद जाळतात ते डासांसाठी नसतं हो."
मग कशासाठी, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. डासांसाठीच असतं. गल्लीत उघडं गटार आहे.
जेवलो नाही.

२५ ऑक्टोबर, दुपार
पावणेसहाला शटर अर्धं वर होतं, तेवढ्यात वाकून आत शिरलो. दिएपचा चेहरा पडला, पण बापाला बाहेर कशी काढणार? एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवलं होतं. बोललो नाही. कॉफी फक्कड होती. शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. उठताना फक्त एवढंच म्हटलं, की पाटीवर 'कॉफी'च्या अक्षरावरचं स्वराचं चिन्ह उलटं पडलंय.
क्वी दारापर्यंत आला, मला पाहिलं आणि टायरकडे परत गेला.
मी आतच रेंगाळलो. सात. आठ. नऊ. माणूस नाही.
दिएप काउंटरमागे उभी. पुढ्यात वर्तमानपत्र, हातात काडेपेटी. माझ्याकडे बघेना. दोन काड्या मोडल्या तिच्या. तिसरी मीच ओढून दिली. म्हटलं, "डास फार झालेत."
ती हसत होती की रडत होती, धुरात नीट दिसलं नाही. मी मागच्या दाराने निघालो.
दहा वाजता म्हणे गिऱ्हाइकांना स्टुलं कमी पडली. मी घरीच होतो.