पाण्याचं विरजण

४ ऑगस्ट

घरात पाहुणे आले. चार मासे! वर्षालीनं, माझ्या नातीनं, बैठकीत काचेची पेटी मांडली अन् त्याच दिवशी मासे सोडले. मले अक्षर येत नाही. मी बोलते, ती लिहिते.

"आजी, जरा शुद्ध करून लिहू का?"

माझ्या तोंडचं बदललंस तर पेन मोडीन! — हे बी लिही.

चौघांतला जाडा तोंड फुगवून कोपऱ्यात बसते. त्याचं नाव देवानंद ठेवलं. माझ्या लेकाचं. लेक, म्हणजे हिचा बाप, रागावला अन् अजून फुगला. आता दोघांत काही फरक नाही.

७ ऑगस्ट

मासे वर येऊन तोंड उघडून राहिले. मले वाटलं, भूक. अजून चिमूटभर दाणे टाकले.

"आजी! श्वास घेता येऊन नाही राहिला त्यांले! पाणी खराब झालं!"

माशांच्या घाणीनं अन् उरलेल्या दाण्यानं अमोनिया होते म्हणे. वर्षालीनं दुकानातून औषधाची शीशी आणली. काचेच्या नळीत पेटीतलं पाणी घ्यायचं, वरून थेंब टाकायचे. पिवळं झालं तर बरं, हिरवं झालं तर जहर. आज कडुलिंबाच्या पाल्यावानी हिरवं! थोडं पाणी काढलं, बादलीतलं रातचं शिळं पाणी टाकलं. काढलेलं मिरचीच्या झाडाले ओतलं. मिरचीले अमोनिया गोडच लागते.

रंग पाहाले शाळा लागत नाही. नळी आता माझ्याकडे.

१५ ऑगस्ट

वर्षालीचा अकोल्याले नंबर लागला! कृषी विद्यापीठात, एम.एस्सी.ले. घरात पेढे. अन् ही म्हणते, जात नाही.

"काहून?"

"मासे कोण पाहील? पाणी अजून कच्चं हाय."

मासे म्हणे! हिचे आजोबा गेले तवापासून ही मले एकटं सोडत नाही. पेटी बी माझ्याच सोबतीले आणली. मी काय समजत नाही? — थांबली काहून? नाक पूस अन् लिही.

देवानंद म्हणे, "मासे दुकानात देऊन टाक, भानगड मिटली." मी म्हटलं, खबरदार! शेवटी ठरलं. निघायच्या सकाळी पाणी पिवळं असलं तर ही जाईल. हिरवं असलं तर बॅग उघडील.

पोरीचं शिक्षण माझ्या नळीत येऊन बसलं.

२० ऑगस्ट

आज नातीनं समजावलं. पेटीत हवेच्या नळीवर स्पंज हाय, त्यात बारीक जीव वाढतात. डोळ्याले दिसत नाहीत. ते अमोनिया खातात. पण वाढाले वेळ लागते.

"म्हणजे विरजणच की! सांग ना सरळ."

हासली. मग म्हणे, "आजी, हे तर आमच्या सरांनीबी नाही सांगितलं." मस्का लावून राहिली!

२५ ऑगस्ट

पिवळट. देवानंद (मासा) कोपऱ्यातून बाहेर आला. दुसरा अजून फुगलेलाच.

२९ ऑगस्ट

महालक्ष्म्या बसणार. सारं घर घासलं. डबे, समया, जाळ्या, पंखे. पेटीतला स्पंज पाहिला तर काळा किट्ट! लक्ष्मीसमोर असं? नळाखाली धरला अन् पिळून पिळून पांढरा केला.

वर्षाली बाजारातून आली. स्पंज पाहिला अन् पाटावर बसूनच गेली.

"आजी... तू विरजण धुतलंस."

३० ऑगस्ट

गडद हिरवं.

३१ ऑगस्ट

बारकी मासोळी गेली. चौघांत तीच लाजाळू होती. मिरचीखाली पुरली. सुना-लेकी महालक्ष्म्यांची आरती म्हणून राहिल्या, मी मागं बसली. माझ्या हातानं झालं.

वर्षाली जवळ येऊन बसली. माझं डोकं दाबून दिलं. रागावली असती तर बरं होतं.

५ सप्टेंबर

रोज पाणी बदलतो आमी दोघी. दाणे एकदाच, तेबी मोजून. माझा हात आखडत नाही, म्हणून डबा देवानंदनं कपाटावर ठेवला. माझा लेक मले कुलूप लावून राहिला!

११ सप्टेंबर

पिवळं की हिरवं, सांगता येत नाही. उद्या हिची गाडी. बॅग भरली, पण चेन लावली नाही. पाहून राहिली माझ्याकडे.

१२ सप्टेंबर

सकाळी नळी हिच्यासमोर धरली. पिवळी! हळदीवानी! पोरगी गळ्यात पडली. बॅगची चेन लावली. हे लिहिलं की निघते. — पुरे आता, गाडी चुकेल. जाय.

१३ सप्टेंबर

आज अक्षर लेकाचं हाय. देवानंदा, लिही.

कालची नळी माठातल्या पाण्याची होती. पेटीतली पदराखाली होती, हिरवी.

"माहीत हाय माय. तुले माठापाशी पाहिलं, म्हणून तर पेटीचं पाणी बदलाले मीच बादली भरून ठेवली होती."

मासे तीनही हायत. पोरीले दिवाळीत सांगू.