ब्लू इक्वेशनची निवृत्ती

२ फेब्रुवारी, रविवार
१. ब्लू इक्वेशन. रेसची घोडी, वय पाच. पुढच्या उजव्या पायाची शीर दुखावल्यावर मालकाला नको झाली.
२. मी ती फुकट घेतली. लिहून दिलं : शर्यत नाही, वरात नाही, पैदास नाही.
३. आज जांभूळ गावी मामाच्या गोठ्यात उतरवली.
४. मामीला कल्पना नव्हती.

या घोड्यांचे पाय मुद्दाम इतके बारीक केलेत. पिढ्यानपिढ्या वेग निवडला, हाडाकडे कोणी पाहिलं नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आमच्या कंपनीत असं डिझाइन पास झालं नसतं. ज्याने जन्माला घातलं त्याने शेवटपर्यंत सांभाळावं. मालकाला जमलं नाही. मला जमेल.

मामीने विचारलं, दूध देत नाय, जूला खांदा देत नाय, मंग ही करनार काय? निवृत्त आहे, म्हटलं. पाच वर्साची? तुझा मामा पासष्टीचा झाला, त्याला कोन निवृत्त करतंय?

९ फेब्रुवारी
खुराकाचा तक्ता लॅमिनेट करून गोठ्यात टांगला. आता चूक होणं शक्य नाही.

१० फेब्रुवारी
सनीचा, म्हणजे मामेभावाचा फोन. तक्ता म्हशीने खाल्ला.

९ मार्च
बेलवलीहून, म्हणजे माझ्या घरून, रोज जाणार होते. अंबरनाथला कंपनीत ऑडिट चालू आहे, म्हणून रविवारी जाते. रविवार पुरेसा आहे.
घोडी दिवसभर जागच्या जागी डोलते. डॉक्टर म्हणाले, एकटीला बांधून ठेवलं की असं होतं. मी 'व्यायाम' अशी नोंद केली.

६ एप्रिल
उल्हासनगर कॅम्प २ चा एक बँडवाला बघून गेला. मामानेच बोलावलं होतं. तपकिरी घोडीवर नवरा बसत नाही, सफेद लागते, म्हणून नको म्हणाला. अट पाळली गेली, हे महत्त्वाचं.

२० एप्रिल
घाटावरच्या बैलगाडा शर्यतीत गाड्यापुढे घोडी पळवतात. सनीला त्यासाठी ही हवी आहे. मी त्याला शांतपणे सगळं समजावलं : पैदास, निवड, जबाबदारी. तो म्हणाला, ताई, तुझा पॉइंट बराबर आहे. पटलं त्याला.

२८ एप्रिल, सोमवार
काल सनीने घोडी पळवली. पाय खांबासारखा सुजलाय. मी रागावले, तर म्हणतो, तिकडे सूटबूटवाल्यांसमोर पळाली की स्पोर्ट, आणि आमच्याकडे पळाली की छळ? मुद्देसूद उत्तर उद्या देईन.

८ जून
डॉक्टर म्हणाले, आता ती कधीच पळणार नाही. म्हणजे शर्यतीचा प्रश्न कायमचा मिटला.
मामाचं म्हणणं, नुसती उभी राहून खाते, निदान एक शिंगरू तरी देऊ दे. सनी मुरबाडहून घोडा आणणार आहे. मी नीट विचार केला. पैदास म्हणजे धंदा. एक शिंगरू म्हणजे धंदा नव्हे. शिवाय तिला सोबत होईल.
मी हो म्हटलेलं नाही. घोडा आणतील त्या दिवशी जाणार नाही, इतकंच.

३१ ऑगस्ट
गाभण आहे. पायाची सूज उतरत नाही. मला प्रमोशन मिळालं. महिन्यातून एक रविवार, पण पूर्ण लक्ष देऊन. सनीला द्यायचं उत्तर अजून पक्कं झालेलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
पोट वाढलं तसं वजन त्या पायाला पेलत नाही. बसली की चौघांनी उठवावी लागते. मामाने एका व्यापाऱ्याशी ठरवलंय, शनिवारी टेम्पो येणार. तो तिला कुठे नेणार, ते मी विचारलं.

मामा वैरण टाकत होता. वर न बघता म्हणाला, "त्या मालकानं तुला दिली, तवा तो गोठा बघाया आलता का?"

आला नव्हता. मलाही तेव्हा ते बरंच वाटलं होतं.

घोडीने माझ्या बाहीला नाक लावलं. मी बाही काढून घेतली.

मालकाला पाठवलेला मेसेज, जसाच्या तसा :

सर, ब्लू इक्वेशन परत घ्याल का? ती आता कायमची लंगडी आहे आणि गाभण आहे. दोन्ही माझ्या ताब्यात असताना झालं. तुमच्याकडे जागा आहे, माझ्याकडे नाही. कृपया शुक्रवार, २१ नोव्हेंबरपर्यंत कळवा.