दाराला तारा पाहिजे

मोहननगर, नागपूर
१ डिसेंबर २०२४

ती. सिंधूआत्यास,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर माझा आवाज डब्यात माशी अडकल्यासारखा येतो म्हणतेस, तर आपलं हे पत्रांचंच बरं. कळमन्याच्या फळबाजारात आमच्या गाळ्यावर संत्र्यांची आवक जोरात आहे. दिवसभर आवक-जावक लिहिते आणि उरलेल्या वेळात तुला लिहिते.

आत्या, मी एक आगाऊपणा करून बसले. माझा या घरातला पहिला नाताळ. सासूबाईंनी माळ्यावरून सजावटीची पेटी काढली, तर वाळवीनं गोठा, मेंढ्या, झालरी सगळं फस्त केलेलं. प्रेमलताबाईंनी चाळीस वर्षं इस्पितळात नर्सचं काम केलं, सहसा डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या त्या नव्हेत, पण त्या पेटीपाशी बसूनच राहिल्या. मला राहवलं नाही. मी म्हणून टाकलं की आई, यंदा विकतचं काही आणायचं नाही, सगळं मी घरी करते. आता निस्तरायचंही मलाच.

सामान मात्र फुकटात जमतंय. सफरचंदाला घालतात त्या फोमच्या जाळ्या गाळ्यावर पोत्यानं पडलेल्या असतात, त्या कापून मी घंटा केल्या. जांभळा पातळ कागद फळांच्या पेट्यांतून मिळाला. गव्हाणीसाठी पेंढाही तिथलाच. आता सासूबाईंचं एकच म्हणणं आहे, की बाकी काही नसलं तरी चालेल, पण दाराला तारा पाहिजे. त्याशिवाय नाताळ वाटतच नाही म्हणे. असल्या कामाला हात बाबांचा. त्यांना विचारून पाहशील?

खरं सांगू? तारा हे नीमित्त आहे. लग्नाला सात महिने झाले आणि बाबांनी अजून या घरात पाऊल टाकलेलं नाही. फोन केला की 'बरं आहे, ठेव' एवढंच बोलतात. खापरखेडा काही विलायतेत नाही. या नाताळला ते माझ्या घरी यावेत, एवढंच मला हवं आहे. तू काहीतरी कर.

बाबांना जय भीम सांग. उत्तर लवकर दे, नाहीतर मी रुसेन.

तुझी,
प्रीती

---

खापरखेडा
७ डिसेंबर २०२४

चि. सौ. प्रीती हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल सकाळी वंदनेला जाऊन आले. गुडघे बरे आहेत. तुझ्या पत्रात 'निमित्त'चा पहिला नि दीर्घ झाला आहे. मी बालवाडीतून निवृत्त झाले म्हणून कोणीही काहीही लिहावं असं नाही.

तुझ्या बापाला पत्रातलं निम्मं वाचून दाखवलं, कोणतं निम्मं ते तू ओळखशील. धम्मानंदनं पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "दाराले तारा काहून लागून राहिल्या तिले? चोर येऊन राहिले का तिकडं?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, सासूबाईंनी सांगितलंय म्हणे. मग उठला. पस्तीस वर्षं विजेच्या केंद्रात वायरमन असलेल्या माणसाला कोणी तारा मागितल्या की तो स्वस्थ बसत नाही. संध्याकाळपर्यंत मागच्या खोलीत त्याची खटपट चालली होती.

शेजारची नूपुर रोज कॉलेजला नागपूरला येते, तिच्या हाती हे भेंडोळं पाठवते आहे. त्याचा निरोप जसाच्या तसा: दारात करंट सोडू नको, तो गुन्हा आहे, आणि सकाळी पहिला दूधवाला येतो हे लक्षात ठेव. मे महिन्यानंतर तुझ्यासाठी तो एवढी वाक्यं सलग पहिल्यांदा बोलला, म्हणून मीही मध्ये तोंड घातलं नाही.

कागद चिकटवायला विकतचा डिंक आणू नकोस. मैद्याची खळ शिजव. संत्र्याची सालं ओली असतानाच चांदण्या कापून पुस्तकाखाली दाबून ठेव, वाळल्यावर दोऱ्यात ओवता येतील. बालवाडीत मी अशा शेकड्यांनी केल्या.

घरातल्या सगळ्यांना माझा जय भीम आणि तुझ्या सासूबाईंना जे काही म्हणायचं असतं ते. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
सिंधूआत्या

---

मोहननगर, नागपूर
१० डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम, वि. वि.

भेंडोळं सोडलं आणि तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. तुझा जावई अनुग्रह हसता हसता पलंगावरून खाली आला. सासूबाईंनी आधी गंभीर चेहऱ्यानं विचारलं की दूधवाल्याचं काय झालं, मग त्याही हसायला लागल्या. अगं आत्या, आपण जिला चांदणी म्हणतो तिला इथे तारा म्हणतात. कागदाचा, आत दिवा लावलेला, नाताळात दारावर टांगतात तो. मी या घरात राहून इथलं बोलायला लागले आणि तुम्ही माझ्या दारावर काटेरी कुंपण घालायला निघालात.

पण तारा वाया गेल्या नाहीत. म्हटलं, आल्याच आहेत तर याच तारांचा सांगाडा करू. तीन दिवस मी आणि सासूबाई झटतोय. पाच कोन होतात, पण टांगला की एक पाय लंगडतो. मग दुसऱ्या बाजूनं ओढावा तर तिसरा आत जातो. जांभळा कागद चिकटवला की सगळा तारा पोट सुटल्यासारखा फुगतो. सालांच्या चांदण्या मात्र सुंदर झाल्या, घरभर वास आहे.

एक विचारायचं होतं. या तारा नव्या नाहीत. काही एकसारख्या गोल वाकलेल्या, बाकीच्या सरळ, पण सगळ्या सारख्या मापाच्या, आणि टोकांना पिवळ्या टेपचे तुकडे. मोजल्या तर सरळ तारा बरोबर चोवीस. बाबांनी कशाच्या काढल्या?

आणि दुसरं, स्पष्ट सांग. मी ख्रिस्ती घरात लग्न केलं, म्हणून बाबा येत नाहीत का? तसं असेल तर लग्नाआधी का नाही म्हणाले? लग्नात तर सगळ्यांशी नीट वागले. मला रात्रंदिवस तेच वाटत राहतं. मला लहानाचं मोठं तू केलंस, आई गेल्यावर मला सगळं खरं तूच सांगितलंस, आताही सांग.

उत्तराची वाट पाहते. गुडघ्यांना तेल लाव.

तुझी,
प्रीती

---

खापरखेडा
१४ डिसेंबर २०२४

चि. सौ. प्रीतीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तारा आणि चांदणीचा घोळ मी धम्मानंदला सांगितला. तो हसला नाही, पण चहा दुसऱ्यांदा मागितला, म्हणजे हसलाच.

आता तुझ्या प्रश्नाचं. धर्माचं काही नाही. तुझ्या बापाला अनुग्रह पहिल्या दिवसापासून आवडतो, कारण त्यानं आल्या आल्या आपल्या घरातला बंद पडलेला पंखा उघडून पाहिला होता. गोष्ट वेगळी आहे. ती तुला सांगायची नाही असं त्यानं मला बजावलं होतं, पण विचारल्यावर मी खोटं बोलणार नाही.

तुझ्या लग्नासाठी त्यानं दोन महिने खपून एक धम्मचक्र केलं होतं. पुरुषभर उंच, चोवीस आऱ्यांचं, निळं कापड लावलेलं, वर पिवळे दिवे. वस्तीत जयंतीला आणि पौर्णिमेला दरवर्षी रोषणाई तोच करतो, पण असं काम त्यानं कधी केलं नव्हतं. स्टेजच्या मागे लावायचं, तू आणि जावई पुढे बसणार, असं त्यानं मनात धरलं होतं. सकाळी हॉलवर नेलं. हॉलवाल्यानं ते भटारखान्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि सांगितलं की मुलाकडचे नको म्हणतात. धम्मानंदनं एका शब्दानं विचारलं नाही. विधींपुरता पुढे आला, बाकी दिवसभर त्याच्यापुढे उभा राहिला, आपल्या माणसांनी ते तसं पडलेलं पाहू नये म्हणून. जेवलाही नाही. संध्याकाळी टेम्पोत घालून परत आणलं.

तेव्हापासून ते मागच्या खोलीत कापड झाकून होतं. परवा तू तारा मागितल्यास, तेव्हा त्यानं ते उसवलं. दुकान दोन मिनिटांवर आहे, नवी तार आणता आली असती. मी तसं म्हटलंही. तर म्हणाला, "तिच्यासाठीच केलं होतं ना? मग तिच्याच कामी येऊ दे."

तुला अपराधी वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तू स्टेजवर होतीस, तुला कसं दिसणार? पण माझ्या भावालाही कुणीतरी एकदा विचारायला हवं होतं, हेही खरं.

जेवत जा. तुझी माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सिंधूआत्या

---

मोहननगर, नागपूर
१७ डिसेंबर २०२४

श्री. धम्मानंदभाऊ यांना,
सप्रेम जय भीम आणि आमच्याकडचा सलाम, वि. वि.

आपली व्याहीण प्रेमलता हिचं हे पहिलंच पत्र. ते आधीच यायला हवं होतं.

प्रीतीनं मला सिंधूताईंचं पत्र वाचून दाखवलं, अर्धं रडत, अर्धं माझ्यावर रागावत. तिचा राग योग्य होता. लग्नाच्या सकाळी हॉलवाल्यानं मला खरंच विचारलं होतं की मागे निळं कापड गुंडाळलेलं काही पडलं आहे, ते लावायचं का. मी मागे जाऊन पाहिलं नाही. मला वाटलं, आदल्या कार्यक्रमाचं मंडपवाल्याचं सामान उरलं असेल. राहू द्या, म्हटलं, आणि हार मोजायला निघून गेले. तुमचे दोन महिने मी त्या दोन शब्दांत टाकून दिले. इस्पितळात मी शिकाऊ मुलींना सांगायची की झाकलेलं असलं तरी उघडून पाहा, मग बोला. माझ्यावर वेळ आली तेव्हा मीच पाहिलं नाही. भाऊ, माझी चूक झाली. मला क्षमा करावी.

दुसरी गोष्ट कामाची. तुमच्या तारांचा तारा आम्ही दोघींनी केला आहे. मी जन्मभर मोडलेली हाडं सरळ बांधली, पण हा मला सरळ राहत नाही. आत दिवा कुठून घ्यायचा तेही कळत नाही, आणि अनुग्रह वायरला हात लावतो तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जाते. तुम्ही पाहुणे म्हणून या असं मी म्हणत नाही, ते मानानं यायचं असतं आणि तो मान आम्ही ठेवला नाही. काम अडलं आहे म्हणून या.

सिंधूताईंना माझा सलाम सांगावा. देव तुम्हां दोघांना सुखी ठेवो.

आपली नम्र,
प्रेमलता

---

खापरखेडा
२० डिसेंबर २०२४

चि. सौ. प्रीतीस,
अनेक आशीर्वाद.

घाईत चार ओळी. तुझ्या सासूबाईंचं पत्र आलं. धम्मानंदनं ते अंगणात उभ्यानं वाचलं, मग चष्मा पुसून बसून वाचलं. मी वाचायला मागितलं तर दिलं नाही, खिशात घातलं. दोन दिवस झाले, ते खिशातच आहे. जाशील का, म्हणून विचारलं तर म्हणाला, पाहू. त्याच्या 'पाहू'चा अर्थ मला पासष्ट वर्षांत लागलेला नाही, तेव्हा तू फार आशा लावून बसू नकोस. उगाच मन मोडेल.

तुझ्या सासूबाईंचं अक्षर मात्र फार देखणं आहे, पाकिटावरून सांगते. लोभ धर.

तुझी,
सिंधूआत्या

---

मोहननगर, नागपूर
२६ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम, वि. वि.

नूपुरच्या हाती निरोप दिलाच होता, पण नीट लिहायला आज बसते आहे. बाबा कामठीला काम आहे सांगून तुझ्याकडून निघाले होते ना? ते काम आमच्या दारात होतं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं चर्चमधून परत आलो, तर बाबा व्हरांड्यात शेजाऱ्यांच्या स्टुलावर चढलेले. आमचा तारा पूर्ण उसवून खाली मांडलेला. मी 'बाबा' म्हटलं, तर वळले नाहीत. पक्कड दे म्हणाले. मी दिली. बराच वेळ मी एकेक वस्तू वर देत राहिले. सासूबाईंनी पाणी आणलं. बाबा खाली उतरले, पाणी प्यायले आणि त्यांना म्हणाले, तुमचं पत्र पोचलं. मग म्हणाले, "बाई, हॉलवाल्यानं सांगितलं ते मी खरं धरलं. मी पण विचारलं नाही. दोघांची गलती झाली." सासूबाईंनी नुसती मान हलवली. मी तर आत जाऊन ओट्यापाशी रडून घेतलं, लपवत नाही.

त्यानंतर मात्र बाबांनी आमची झाडाझडती घेतली. पाच कोन एकाच चौकटीत केले म्हणून लंगडतो, असल्या दोन चौकटी पाठीला पाठ लावाव्या लागतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं म्हणे. माझी खळ त्यांनी बोटावर घेऊन पाहिली आणि ही आमटी आहे म्हणाले. अनुग्रहला होल्डर जोडायला बसवलं आणि तीनदा उसवायला लावलं. तो बिचारा 'हो बाबा, हो बाबा' करत होता आणि खूश होता. रात्री परत जायचं नावच काढलं नाही. सासूबाईंनी त्यांच्यासाठी बाहेरच्या खोलीत गादी घातली. करंज्या आणि चकल्या करायला बसलो तर चकलीचा सोऱ्या कुरकुरतो म्हणून तोही त्यांनी खोलून ठेवला.

चोवीस तारखेला संध्याकाळी गाणी म्हणायला चर्चची मंडळी घरोघर फिरतात, ती आमच्या दाराशी आली. बाबांनी बटण दाबलं. आत्या, जांभळ्या कागदातून असा उजेड येतो हे मला माहीत नव्हतं. फोमच्या जाळ्यांच्या घंटा, सालांच्या माळा, सगळं त्यात उजळून निघालं. मंडळींनी विचारलं, कुठून आणला? सासूबाईंनी बाबांना हाताला धरून पुढे केलं आणि सांगितलं, हे माझे व्याही, यांनी केला. बाबांनी सगळ्यांना जय भीम केला. त्यातल्या दोन-चार जणांनी उलट जय भीम केला, बाकीच्यांनी सलाम केला, आणि मग पुढचं गाणं सुरू झालं. गाणं संपेपर्यंत बाबा हात जोडूनच उभे होते, कारण कधी सोडायचे ते त्यांना कळलं नाही.

काल संध्याकाळी त्यांना बसमध्ये बसवायला मी एकटीच गेले. मला वाटलं, आता लग्नाचं काही बोलतील. मीच माफी मागायची ठरवून गेले होते, चार वाक्यं जुळवूनही ठेवली होती. बस सुटायला आली तरी त्यांचं आपलं होल्डर, वायर आणि कागद चाललेलं. शेवटी खिडकीतून वाकून मला रागावून म्हणाले, "पुढच्या साली दीक्षाभूमीचा कार्यक्रम झाला की लगेच सांगजो मले. तीन दिवसांत असं कच्चंच काम होते."

मी हो म्हटलं. माझी चार वाक्यं तशीच राहिली.

आत्या, ते पुढच्या सालचं बोलले.

तुझी,
प्रीती